आमची वाटचाल : मेल गाळायचा धंदा

२००४ च्या जानेवारीत मायडूम नावाचा व्हायरस आला आणि आमचा धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला. त्याआधी आम्ही दोघं पार्टनर तापकीर गल्लीतून पार्ट आणून कॉम्प्युटर असेंबल करून द्यायचो, कोणाचं नेटवर्किंग, कोणाचा प्रिंटर, मिळेल ते काम. मायडूम मेलमधून यायचा, अटॅचमेंट उघडली की त्या मशीनवरचे सगळे मेल ॲड्रेस गोळा करायचा आणि त्यातलंच कोणाचंतरी नाव पाठवणारा म्हणून लावून स्वतःच पुढे मेल सोडत बसायचा. त्यामुळे व्हायचं काय, भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपवाल्याला कस्टमरचा फोन की अहो तुमच्याकडून व्हायरस आलाय, आणि ह्याची मशीन एकदम स्वच्छ, व्हायरस असायचा तिसऱ्याच कोणाच्यातरी पीसीवर. हे समजावून सांगत फिरताना आमची फुकटात ओळख झाली.

आता पुण्यात व्हायरसचं काम करायचं म्हणजे समोरचा पहिलं वाक्य हेच टाकणार की अँटीव्हायरस आहे ना टाकलेला. काटकर बंधूंनी रिपेअरिंगच्या कामातून क्विक हील इथेच उभं केलं, त्यामुळे पुणेकराला अँटीव्हायरस शिकवायची गरजच नाही. पण पन्नास पीसीच्या ऑफिसात एक तरी पीसी असतोच जो अपडेट झालेला नसतो, आणि बहुतेक वेळा तो मालकांचाच असतो. आमचं म्हणणं एवढंच होतं की प्रत्येक टेबलावर पहारा आहे तो राहू द्या, पण मेल आत येतो त्या दारातही कोणीतरी बसवा.

दारात बसवायला एक साधा पीसी, त्यावर लिनक्स, मेल घ्यायला-द्यायला पोस्टफिक्स, स्पॅम ओळखायला स्पॅमअसॅसिन आणि व्हायरससाठी क्लॅमएव्ही. सगळं सॉफ्टवेअर फुकट. हे प्रामाणिकपणे सांगितलं की लगेच प्रश्न, "फुकट आहे तर मग तुमचे पैसे कसले?" ह्याचं उत्तर द्यायला आम्हाला बरीच वर्षं लागली, आणि ते उत्तर स्पॅम अडवण्यात नव्हतंच.

स्पॅमअसॅसिन काय करतं, मेलमधल्या एकेका गोष्टीला मार्क देतं, आणि बेरीज ५ झाली की मेल स्पॅम. नुसता इन्स्टॉल करून ठेवला तर तो परदेशातल्या माणसाच्या मेलवर ठीक चालतो. आपल्याकडे पर्चेसवाले साहेब सब्जेक्ट लिहिणार सगळा कॅपिटलमध्ये, पुढे मोस्ट अर्जंट, त्यापुढे चार उद्गारचिन्हं, आत एक ओळ आणि खाली भलीमोठी झिप फाईल, त्यात ड्रॉइंग. हे सगळे स्पॅमचेच गुण, पण मेल म्हणजे चाकणहून आलेली रिव्हाइज्ड पीओ, पर्चेस ऑर्डर! डॉक्टर लोकांचं वेगळंच, बऱ्याच ठिकाणी शब्दांची यादी लावून ठेवलेली असायची आणि स्पेशालिस्ट ह्या इंग्रजी स्पेलिंगच्या पोटात एका बदनाम औषधाचं नाव येतं, सियालिस, झालं, हॉस्पिटलचा मेल कचऱ्यात.

सगळ्यात मजा आली एका शिक्षणसंस्थेकडे. तिथले क्लार्क सर्क्युलर टाईप करायचे जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोड नाही, म्हणजे डोळ्याला मराठी दिसतं पण आत नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं कशीही पडलेली. मेलमध्ये कॉपी-पेस्ट केलं की फिल्टरला वाटायचं स्पॅमवाल्यांनी मुद्दाम गिचमिड केलीय. त्यावर नियम लिहून भागेना. शेवटी त्यांचेच जुने चांगले मेल घेऊन बायेसियन फिल्टरला, म्हणजे जुने मेल बघून शिकणाऱ्या फिल्टरला, खाऊ घातले, की हे बघ, हे असं दिसतं ते चांगलं. हळूहळू तो ती गिचमिड ओळखायला शिकला, आणि मुख्याध्यापकांचे फोन थांबले. हे काम कुठल्याही रेडीमेड बॉक्समध्ये येत नाही आणि आमचे पैसे ह्याचेच, हे तिथून पुढे छातीठोकपणे सांगायला लागलो.

कारण स्पॅम दहा आले तर माणूस चिडतो आणि डिलीट करतो. पण एक पीओ अडकली तर तो तुम्हाला काढून टाकतो. म्हणून आमच्याकडे रोज सकाळी पहिलं काम, चहाच्याही आधी, क्लायंटचं क्वारंटाइन, म्हणजे फिल्टरने अडवून ठेवलेले मेल, बघायचं. आजही एक मुलगी फक्त तेवढंच करते, आणि ती आमच्या ऑफिसातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती आहे असं मी म्हणतो, पार्टनरला ते पटत नाही.

मध्ये ग्रेलिस्टिंग आलं. अनोळखी सर्व्हरकडून मेल आला की आपला सर्व्हर म्हणतो, आत्ता नाही, थोड्या वेळाने या. पेठेतला दुकानदार एक ते चारमध्ये म्हणतो तसंच! खरा सर्व्हर मुकाट्याने परत येतो, स्पॅम सोडणारे प्रोग्रॅम तेव्हा बहुतेक परत यायचे नाहीत. स्पॅम झपकन कमी झाला, पण बँकेचे ओटीपीसुद्धा उशिरा यायला लागले आणि अकाउंट्सवाल्यांनी आम्हाला फोनवर झोडपलं. मग बँकांसारख्या ठरावीक ठिकाणांना सूट द्यावी लागली. गुरुवारी लाईट जायची त्याचं मात्र आम्ही कधी फार टेन्शन घेतलं नाही, सर्व्हर बंद असला तरी समोरचा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतो, मेल हरवत नाही, फक्त क्लायंटला ते पटवून द्यावं लागतं.

२०१६ मध्ये लॉकी नावाचा खंडणी मागणारा व्हायरस आला, वर्डमध्ये इनव्हॉइस, आत मॅक्रो म्हणजे फाईलमध्येच दडवलेला छोटा प्रोग्रॅम, चालू केला की फाईली लॉक. तेव्हापासून बाहेरून येणारी मॅक्रोवाली फाईल आम्ही सरसकट रोखतो, ह्यात मात्र कोणाची भीड ठेवत नाही.

आता त्रास वेगळाच. मेलमध्ये व्हायरस नाही, लिंक नाही, स्पॅमसारखं काहीच नाही. एका क्लायंटला परदेशातल्या मशीन सप्लायरचा मेल आला की आमचं बँक अकाउंट बदललंय, बॅलन्स ह्या नवीन अकाउंटला टाका. डोमेनमध्ये एम च्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी, स्क्रीनवर सेम दिसतं. आमच्या फिल्टरने तो सोडला, सोडणारच, अडवण्यासारखं त्यात काय होतं. वाचवलं कोणी, तर अकाउंट्समधल्या काकांनी. त्यांनी मेलमधला नंबर न लावता जुन्या बिलावरचा नंबर लावला आणि विचारलं. तेव्हापासून आमच्या ॲन्युअल कॉन्ट्रॅक्टमध्ये एक तास अकाउंट्सच्या लोकांबरोबर बसायचा असतो, आणि पैसे गेलेच तर आम्हाला फोन करण्याआधी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला करा हे तिथे पहिलं सांगतो.

लोक विचारतात आता सगळे गुगल नाहीतर मायक्रोसॉफ्टवर गेले, मग तुमचं काम काय उरलं. भरपूर उरलंय. २०२४ च्या फेब्रुवारीत गुगल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएमचे, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनवाल्याचाच आहे का हे तपासायच्या खुणांचे, नियम कडक केले, दिवसाला पाच हजारांच्या वर पाठवणाऱ्यांना डीमार्कही सक्तीचं, म्हणजे त्या तपासात नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद. आमच्या क्लायंटपैकी तेवढे पाठवणारे मोजकेच, पण फोन सगळ्यांचे आले. डीमार्क नुसतं लावून ठेवणं सोपं आहे, ते रिजेक्टवर नेणं, म्हणजे नापास मेल घेऊच नका असं सांगणं, अवघड, कारण तिथे गेल्यावर कळतं की पगाराच्या स्लिपा एक व्हेंडर पाठवतो, दिवाळीच्या शुभेच्छा दुसरा, आणि वेबसाईटचा एन्क्वायरी फॉर्म कोणीतरी सोडून गेलेल्या मुलाने कुठल्यातरी भलत्याच सर्व्हरवरून जोडलाय. सध्या आमचे अर्धेअधिक क्लायंट अजून नन वरच आहेत, म्हणजे नापास मेललाही काही करू नका, त्या फॉर्मवाल्या मुलाचा नंबर शोधणं चालू आहे.