फळ्यावरचं अक्षर

(माजी विद्यार्थिनी, एसएसएलसी म्हणजे दहावी, मार्च १९९७)

माझ्या वर्गातल्यांना मी आठवत असेन तर माझा काळा रंग आणि कुरळे केस आठवत असतील. आवाज आठवणार नाही, कारण तो फारसा कोणी ऐकलाच नाही. हजेरीला 'हजर बाई' म्हणायचे, कविता पाठ म्हणायची वेळ आली की उभी राहून म्हणायचे, आणि खाली बसायचे. आज बेळगावात एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथेही माझं बोलणं कमीच. चाळिशी ओलांडल्यावर मी हे मोकळेपणाने लिहू शकते, की माझा स्वभावच असा आहे आणि मला तो आवडतो. तो आवडायला आपल्या शाळेत सुरुवात झाली, म्हणून हे शाळेच्या स्मरणिकेतच लिहावंसं वाटलं.

आम्ही सिद्दी. खानापूर तालुक्यातल्या माणसांना हे नाव नवं नाही, पण स्मरणिका पुण्या-मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांकडेही जाईल, म्हणून थोडं सांगते. आमचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी त्यांतल्या अनेकांना गुलाम म्हणून गोव्यात आणलं आणि त्यांतले कितीतरी जण घाट चढून जंगलात पळून आले, असं मानलं जातं. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला आणि आपला खानापूर, या पट्ट्यात आमची घरं आहेत. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. आमचं घर ख्रिस्ती. घरात कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात कानडी, असं आमचं चालायचं. वडील मूळचे हल्याळकडचे, जंगलात कूपावर लाकूडतोडीच्या कामाला इकडे आले आणि इथलेच झाले. २०११ साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सिद्दींच्या रक्ताचे नमुने तपासून आफ्रिकेतल्या बांतूभाषक समाजांशी आमचं नातं दाखवून दिलं. रक्ताचे नमुने तपासणं हा माझा रोजचाच व्यवसाय, त्यामुळे तो निबंध मिळवून मी पुनःपुन्हा वाचला.

शाळेत मात्र सिद्दी म्हणजे काय याची उत्तरं सगळ्यांकडे आधीच तयार होती. पहिलं उत्तर, सिद्दी धावणार. त्याला कारणही होतं. १९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने खास योजना आखून सिद्दी मुलामुलींना खेळांसाठी निवडलं होतं. कमला सिद्दी देशपातळीवर धावल्या, त्यांचं नाव आमच्या घराघरांत घेतलं जायचं, आजही घेतलं जातं. ती योजना पुढे काही वर्षांत बंद पडली, पण मैदानावर सरांची शिट्टी वाजली की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळायच्या त्या वळायच्याच. मला धावणं आवडत नव्हतं. बाक हलवायचे असले, पाण्याची घागर उचलायची असली, की 'उचल गं, तू सिद्दी, तुला काय जड' हे ठरलेलं. आम्हाला जड लागत नाही, दुखत नाही, आम्ही दमत नाही, असं लोकांना मनापासून वाटतं. पुढे रुग्णालयात काम करताना प्रसूतीच्या कळांनी तळमळणाऱ्या सिद्दी बाईबद्दलही हेच ऐकलं, तेव्हा मात्र मी गप्प राहिले नाही.

दुसरं उत्तर, सिद्दी नाचणार. दमाम हे आमचं वाद्य. लग्नात, नाताळात ते वाजायला लागलं की माणसं रात्ररात्र गातात, नाचतात. ते मला फार प्रिय आहे. पण दरवर्षी स्नेहसंमेलन जवळ आलं की मला बोलावणं यायचं आणि मी नको म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. मग मी का नाचत नाही याचा शोध सुरू व्हायचा. गर्विष्ठ आहे, घाबरट आहे, घरी मार खात असेल. प्रगतिपुस्तकात एका वर्षी शेरा आला: 'मुलगी घुमी आहे. धीट होणे आवश्यक.' वडिलांना वाचता येत नव्हतं. तो शेरा मीच त्यांना वाचून दाखवला आणि त्यांनी अंगठा उमटवला.

केसांचंही सांगायला हवं. दोन वेण्या, लाल रिबिनी, वेण्या वर दुमडून बांधलेल्या, हा नियम सर्व मुलींना होता. माझे केस लांब वाढत नाहीत, वाढले तरी खाली लोंबत नाहीत. आई रोज सकाळी खोबरेल चोळून ते घट्ट ओढून बांधायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि दुसऱ्या तासापर्यंत रिबीन सुटलेली असायची. मधल्या सुट्टीत मुली केसांना हात लावून बघायच्या. त्यात दुष्टपणा नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं. तरी सतत कोणीतरी हात लावत असेल तर आपलं अंग आपलं वाटत नाही.

आठवीत मराठीच्या नव्या बाई आल्या. त्यांचं नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, पण त्या वर्षांतले सगळे ओळखतील. त्यांनी मला कधीच 'बोल ना गं' म्हटलं नाही. माझी वही तपासताना एकदा म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुझं. प्रार्थनेच्या आधी फलकलेखन करशील?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून कार्यालयाशेजारचा तो फळा माझा झाला. वार, तारीख, सुविचार, दिनविशेष आणि तीन-चार बातम्या. आदल्या दिवशीचा पेपर शिक्षकांच्या खोलीतून मिळायचा. कोणती बातमी घ्यायची आणि कोणती सोडायची हे बाईंनी माझ्यावर सोपवलं होतं. फळा ओल्या फडक्याने पुसून तो वाळेपर्यंत थांबायचं, खडू थोडा भिजवून घ्यायचा, शिरोरेघ आधी नाही, शब्द झाल्यावर द्यायची. सगळी शाळा प्रार्थनेला जाताना तो फळा वाचून जायची. मला जे सांगायचं असेल ते मी रोज शाळेला सांगत होते, आणि त्यासाठी मला तोंड उघडावं लागत नव्हतं. त्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं: 'लक्षपूर्वक ऐकते. विचार करून लिहिते.' स्वभाव तोच होता. तो नीट पाहणारं माणूस मला भेटलं होतं.

इतिहासाच्या तासाला सिद्दी जौहर आला, जंजिऱ्याचा सिद्दी आला, की वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायचा. पन्हाळ्याच्या नाटुकल्यात मला जौहरच्या सैन्यात उभं केलं, काजळ फासायला नको म्हणून. बाईंना हे समजलं तेव्हा त्या कोणावर रागावल्या नाहीत. त्यांनी ग्रंथालयातून पुस्तकं काढून माझ्यापुढे ठेवली. त्यात मला कळलं की १६६० मध्ये पन्हाळ्याचा तो वेढा फोडायला बाहेरून नेताजी पालकरांबरोबर चालून गेला तोही एक सिद्दीच, सिद्दी हिलाल, आणि त्याचा मुलगा सिद्दी वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. महाराजांच्या बाजूने लढलेला सिद्दी आम्हाला कोणी शिकवलाच नव्हता. मलिक अंबरही मी तेव्हाच वाचला. हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा निजामशाहीचा वजीर होतो, १६१० मध्ये खडकी वसवतो, जमिनीची मोजणी करून महसूल ठरवतो, नहरींनी शहराला पाणी देतो. त्या खडकीचंच पुढे औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. माझे पूर्वज या मोठ्या सिद्दींपैकी नव्हेत, ते जंगलात लपून जगलेले. तरी हे सगळं मी आठवडाभर फळ्यावर क्रमशः लिहिलं. पाचव्या की सहाव्या दिवशी मुलं पुढचा भाग वाचायला लवकर येऊ लागली होती.

दिनविशेष शोधता शोधताच रोझा पार्क्स सापडली. १ डिसेंबर १९५५, अमेरिकेतलं मॉन्टगोमेरी शहर. बसमध्ये गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला तिने नकार दिला, तिला अटक झाली, आणि काळ्या लोकांनी ३८१ दिवस शहराच्या बसवर बहिष्कार टाकला. एका दुकानात शिवणकाम करणारी बाई, शांत, हळू बोलणारी. तिच्याबद्दल सांगताना लोक म्हणायचे, बिचारी दिवसभराच्या कामाने थकली होती म्हणून उठली नाही. तिने स्वतः हे खोडून काढलं आहे. अंगाने ती रोजच्यापेक्षा जास्त थकलेली नव्हती, पुन्हा पुन्हा हार मानण्याला ती कंटाळली होती. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेची ती १९४३ पासून चिटणीस होती, अन्याय झालेल्यांच्या घरी जाऊन तिने त्यांच्या हकिकती उतरवून घेतल्या होत्या. एवढं काम मागे असताना लोकांना तिच्या शांतपणात फक्त थकवा दिसला. हे वाचलं त्या दिवशी माझ्या डोक्यातली एक गाठ सुटली. मुकाट राहणारी बाई दबलेलीच असते हे खोटं आहे. आणि काळी बाई ठामपणे वागली तर तिने आरडाओरडा केलाच असणार, हेही तितकंच खोटं आहे. फळा वाचून माझ्याच वर्गातली एक मुलगी म्हणाली, "ही तुझ्यासारखी होती काय गं?" मी "हो" म्हटलं. अभिमानाने म्हटलं.

घरी मात्र माझ्या गप्पपणाचा प्रश्न कधी आजीने केला नाही. दमाम वाजायला लागला की मी तिच्याजवळ कवंद शिवायला घेऊन बसायचे. एका लग्नात कोणीतरी मला ओढायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "सगळींच नाचूंक लागलीं जाल्यार कवंद कोण शिवतली?" तिच्या मते नाचणारी मुलगी सिद्दी होती आणि शिवत बसलेलीही सिद्दीच होती. यात सिद्ध करण्यासारखं काही होतं असं तिला वाटलंच नाही.

कवंद म्हणजे तुम्ही जिला वाकळ म्हणता त्या जातीतलीच, पण आमच्या बायकांची करण्याची रीत वेगळी. खाली जुनी साडी. एका कोपऱ्यापासून कापडाचे तुकडे कडा दुमडून ठेवत जायचं आणि धावदोऱ्याने शिवत कडेकडेने आत आत यायचं, मधोमध भेट होईपर्यंत. मोठ्या तुकड्यांवर लहान रंगीत टिकल्या. ख्रिस्ती घरच्या कवंदीत कुठेतरी क्रूस असतो, मुसलमान घरच्या कवंदीत चंद्रकोर. शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावायची. फुलं नसतील तर कवंद उघडी, असं आमच्यात म्हणतात. अशा कवंदी न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या शोमबर्ग केंद्रातही मांडल्या गेल्या आहेत. आफ्रिकेतून जगभर पांगलेल्या लोकांच्या इतिहासाचं ते मोठं ग्रंथालय. ज्या बायकांनी त्या शिवल्या त्यांच्यातल्या कितीतरी जणी परक्या माणसासमोर एक शब्द बोलणार नाहीत.

शाळा सुटल्यावर डीएमएलटी या प्रयोगशाळा-तंत्रज्ञानाच्या पदविकेसाठी मी वसतिगृहात राहिले. तिथे काही महिने मी वेगळी होऊन पाहिलं. मोठ्याने हसायचे, कोणी म्हटलं की नाचून दाखवायचे. मैत्रिणी खूश असायच्या आणि रात्री माझं डोकं दुखायचं. मग एका परीक्षेच्या आधी मी ते सोडून दिलं. दोघी-तिघी दूर गेल्या, एक राहिली, ती आजही आहे. आता रक्त द्यायला आलेली माणसं मला पाहून कधी इंग्रजीत सुरुवात करतात. मी म्हणते, "मावशी, मूठ आवळा," की त्या आधी चमकतात आणि मग सैल होतात. सुईला घाबरलेल्या माणसाला बडबडीपेक्षा शांत हात बरा वाटतो, हे मी इतक्या वर्षांत खात्रीने शिकले आहे. केस मी बारीक कापले आहेत. ओढून बांधायला आता काही नाही आणि मला आरशात बघायला आवडतं.

शेवटी जमातीच्या दाखल्याविषयी, कारण अनेक पालक ही स्मरणिका वाचतील. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. नंदगडहून हल्याळकडे जाणारा रस्ता जिल्ह्याची हद्द ओलांडतो, आणि हद्दीच्या पलीकडची माझी चुलत भावंडं 'जमात' ठरली तेव्हा अलीकडचे आम्ही ठरलो नाही. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना हा दर्जा देणारी दुरुस्ती २०२० मध्ये झाली. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर गेले, विधिमंडळात पोचलेले आमच्यातले पहिलेच. माझ्या भावाची मुलगी आता आपल्याच शाळेत आठवीत आहे. ती भरपूर बोलते, दमामावर नाचते, चारशे मीटर धावते, आणि मला ती तशीच हवी आहे. तिचा दाखला काढायला मी तिच्याबरोबर तहसीलदार कचेरीत गेले होते. ज्या घरांत अजून काढलेला नाही त्यांनी जूनच्या आत काढून घ्यावा, शिष्यवृत्तीच्या अर्जाला तो लागतो. अर्ज भरायला मी मदत करीन.

महोत्सवाच्या प्रदर्शनात ग्रंथालयाच्या खोलीत माझी एक कवंद ठेवली आहे. ती काचेत ठेवू नका असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं आहे. हात लावा, उलटी करून टाके बघा. कोणाला शिकायचं असेल तर रविवारी मी गावातच असते.