दोन भुवया, दोन तऱ्हा

शनिवार, रात्री

आत्याच्या साठीसाठी तिचं पोर्ट्रेट काढतेय, संगणकावर, क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये. आज तिचा चेहरा जमायला लागला.

डोक्याचा घाट, जबडा, कान आणि डोळ्यांच्या जागा एवढंच मिरर टूल चालू ठेवून केलं; त्यात एका बाजूला काढलेली रेषा दुसऱ्या बाजूलाही आपोआप उमटते. डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या मधोमध, दोन डोळ्यांत एका डोळ्याइतकी जागा. मग टूल बंद. भांग आणि नथ तर हातानंच काढायची, नाहीतर दोन्ही नाकपुड्यांत नथ उमटते.

खरी मदत होते ती कीबोर्डवरच्या एम बटणाची. ते दाबलं की दृश्य आरशासारखं उलटतं, मूळ चित्र आहे तसंच राहतं. तासभर एकाच चेहऱ्याकडे बघून डोळा सरावतो, हनुवटी कलली तरी ती सरळच वाटते. उलटवलं की तोच कल विरुद्ध बाजूला जातो आणि लगेच खुपतो. हे काही संगणकानं शिकवलेलं नाही. इटलीत चित्रकलेवर ग्रंथ लिहिणाऱ्या आल्बेर्तीनं 1435 मध्येच चित्रकारांना आरशात चित्र तपासायला सांगितलं होतं, पुढे लिओनार्दोनंही तेच सांगितलं.

माझा हात उजवा. मनगट फिरतं त्या वळणात चेहऱ्याची डावीकडची कड सहज येते, उजवीकडची मात्र ताठरते. त्यासाठी 4 आणि 6 नंबरच्या बटणांनी कॅनव्हास फिरवून घ्यावा, म्हणजे अवघड कड हाताच्या सोयीच्या दिशेला येते. मला हा उपाय मिरर टूलपेक्षा जास्त आवडतो, कारण यात दोन्ही रेषा माझ्याच राहतात.

आणि आत्याचा चेहरा काही सारखा नाहीच. डावी भुवई जराशी वर, हसताना ओठ एका अंगाला ओढले जातात. दोन्ही बाजू तंतोतंत केल्या तर देखणी बाई दिसेल, पण आत्या दिसणार नाही. म्हणून भुवई तशीच वर ठेवली.

उलटवल्यावर नथ दुसऱ्या बाजूला गेली तेव्हा जाणवलं, रोज सकाळी आत्या स्वतःला अशीच बघते. 1977 मधला एक अमेरिकन प्रयोग आहे: बायकांना स्वतःचा उलटा फोटो जास्त आवडला, त्यांच्या मैत्रिणींना सुलटा. ज्याला जो चेहरा रोज दिसतो तो त्याला आवडतो. मी आत्याला सुलटीच काढणार, आम्हाला दिसते तशी.

आतेभावाला आणखी एक चित्र हवंय, थोड्या वळलेल्या चेहऱ्याचं. तिथे मिरर टूल कामाचं नाही. मधली रेषा अंड्यावर गुंडाळलेल्या दोऱ्यासारखी वळते, पलीकडचा डोळा अरुंद होतो. भुवया, डोळे, नाकाचा तळ, ओठ या सगळ्या रेषा एकाच दिशेनं गेल्या पाहिजेत. उद्या आधी त्या रेषाच टाकेन, वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर.