हात मारायचे नाहीत! दहाबचे सहा दिवस

कॅनियन या स्कूबा डायव्हिंगच्या जागी मी पहिल्यांदा उतरले त्याला दोन वर्षं झाली. इजिप्तमधल्या दहाबच्या उत्तरेला किनाऱ्यावरून थोडं पोहत गेलं की प्रवाळाच्या पठाराला पडलेली एक चीर दिसते. तिच्यात शिरायचं आणि खाली जायचं. तीस मीटरला आमचा गाइड थांबला, चीर मात्र थांबली नव्हती. ती आणखी खाली, निळ्याचं काळं होत जाणाऱ्या पाण्यात चालली होती आणि तिथे खोलवर चार बॅटऱ्यांचे उजेड हलत होते. खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर म्हणाला परत फिरा, फिरलो. पठारावरून पोहत येताना खाली पाहिलं, तर त्या चौघांचे बुडबुडे खडकाच्या बारीक भेगांतून झिरपत वर येत होते, सोड्याची बाटली फोडल्यासारखे. माणसं दिसत नव्हती, त्यांचे श्वास तेवढे दिसत होते.

संध्याकाळी मी टेक, म्हणजे टेक्निकल डायव्हिंग, शिकवणाऱ्या एका इन्स्ट्रक्टरला गाठलं. कैरोचा माणूस, कमी बोलणारा. माझी लॉगबुक पुढे केली. नेत्राणी, अंदमान, लाल समुद्र मिळून 94 डाइव्ह. त्याने ती उघडलीसुद्धा नाही. “पाच मीटरवर एक मिनिट, हात न हलवता थांबता येतं?”

मी म्हटलं, येतं की. दुसऱ्या दिवशी पाण्यात कळलं, येत नव्हतं.

म्हणून यंदा मार्चमध्ये पुन्हा गेले. मुंबईहून कैरो, तिथून विमानाने शर्म अल-शेख आणि पुढे टॅक्सी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवताचं पातंही नसलेले तांबूस डोंगर, मध्येच चेकपोस्ट, पासपोर्ट दाखवा, पुढे चला. मग एका वळणावर एकदम पाणी. पलीकडच्या काठावर सौदी अरेबिया. संध्याकाळी तिकडचे डोंगर गुलाबी होतात. दहाब म्हणजे अरबीत सोनं. गावात सोनं दिसलं नाही, शेळ्या मात्र भरपूर. असाला या वस्तीच्या गल्ल्यांत त्या पुठ्ठे खात फिरतात.

टेक डायव्हिंग म्हणजे नेमकं काय, असं घरी सगळे विचारतात. साध्या डायव्हिंगमध्ये काही बिघडलं तर शेवटचा उपाय हाताशी असतो, तो म्हणजे सावकाश वर येणं. टेकमध्ये डोक्यावर छत असतं. गुहेत किंवा बुडालेल्या जहाजात ते खरोखरचं असतं. खोल जाऊन जास्त वेळ थांबलात तर ते न दिसणारं असतं. अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडेपर्यंत ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं थांबावंच लागतं, त्याला डिको म्हणतात. तेव्हा जे काही निस्तरायचं ते तिथेच, आणि तेही एका जागी तरंगत. माझा कोर्स मात्र टेकचा नव्हता. टेकच्या दारात उभं राहण्याआधीचा, बाराखडीचा होता.

पहिला दिवस लाइटहाउस नावाच्या डायव्हिंगच्या जागी, सहा मीटरवर. पाणी 22 अंश, तळाला वाळू. इन्स्ट्रक्टरने काही शिकवलं नाही, नुसतं पोहायला लावून व्हिडिओ काढला. दुपारी ताअमिया खाता खाता (आपले वडेच, पण डाळीचे नव्हे, फावा नावाच्या घेवड्याचे) तो लॅपटॉपवर दाखवला. पडद्यावरची बाई तिरकी, डोकं वर आणि पाय खाली, सायकल मारत चालली होती. मागे वाळूचा धुरळा. आणि हात! माश्या हाकलल्यासारखे दोन्ही हात सतत चाललेले.

“हे हात काय करतायत?” त्याने विचारलं.

हात काय करत होते ते मला नेमकं ठाऊक होतं. शिरोळकडच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत मी पोहायला शिकले. पाठीला तोंड झाळलेला पत्र्याचा डबा बांधायचा, आणि काकांनी वरून ढकलून द्यायचं. नाकातोंडात पाणी जात असताना काठावरून एकच आरोळी: “हात मार! हात मार!” हात थांबले की माणूस बुडतो, हे सातव्या वर्षी अंगात मुरलेलं.

नंतरचं शिक्षणही त्याच वळणाचं. तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली गेले तेव्हा मागून सिलिंडर धरून एक जण मला फिरवत होता, ते ठीकच. पण सर्टिफिकेटचा कोर्स जिथे केला (नाव घेत नाही) तिथे कमरेला आठ किलो शिसं बांधून आम्हाला वाळूत गुडघ्यांवर बसवलं. मास्क काढा, घाला, झालं, पास. गुडघ्यांवर बसून सगळं जमतं हो. खोल पाण्यात मधल्यामध्ये गुडघे टेकायला काय असतं?

त्या आठ किलोंचं गणित इन्स्ट्रक्टरने उलगडलं. शिसं जास्त म्हणून जॅकेटमध्ये हवा जास्त. ती हवा थोडं वर गेलं की फुगते, खाली गेलं की आकसते, म्हणून सारखी बटणं दाबत बसा. शिसं कमरेला, हवा छातीशी, म्हणून पाय खाली. पाय खाली म्हणून प्रत्येक किक मला वर ढकलणार. किक थांबली की मी बुडणार. म्हणजे 94 डाइव्ह मी तरंगत नव्हतेच, पाय मारून कशीबशी लटकत होते! आता पाठीवर बारा-बारा लिटरची दोन स्टीलची सिलिंडरं आणि स्टीलची पाठपट्टी आली, आणि शिसं शून्यावर.

धंद्याने मी फिजिओथेरपिस्ट. मला ट्रिम, म्हणजे पाण्यात आडवं राहणं, दोन वाक्यांत कळायला हवं होतं. मान वर, पाठ किंचित कमानीत, नितंबाचे स्नायू आवळलेले, गुडघे काटकोनात. कंबरदुखीच्या पेशंटना पालथं झोपवून मी दिवसातून दहादा हेच करून घेते. पण गुडघे काटकोनात आहेत अशी माझी खात्री असताना व्हिडिओत ते खाली लोंबत होते. पेशंट “मॅडम, ताठच बसलोय” म्हणतात तेव्हा मी वैतागते. यापुढे वैतागणार नाही.

खोलीला ब्रेक श्वासाचा. साधा श्वास अर्ध्या लिटरचा धरला तर तो घेतल्याने अंग अर्ध्या किलोने हलकं होतं, सोडल्याने जड. परिणाम मात्र लगेच होत नाही, दोन-तीन सेकंदांनी होतो. म्हणजे वर जायला लागल्यावर श्वास सोडून उपयोग नाही, वर जाणार असं वाटताच सोडायचा. आणि हे सगळं उथळात जास्त अवघड. पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो. तीसवरून चाळीसला जाताना तो जेमतेम पावपट वाढतो. सहा मीटरवर शिकवतात ते सोपं म्हणून, असं मी समजत होते.

फ्रॉग किक दुसऱ्या दिवशी बसली. बेडकासारखे पाय फाकवून तळवे मागे लोटायचे, पाणी खाली जात नाही, वाळू उडत नाही. उलटी किक, म्हणजे पायांनी मागे सरकणं, हिने तीन दिवस खाल्ले. मी जोर लावून पुढेच जायचे. हात? इन्स्ट्रक्टरने माझ्या एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरायला लावलं. गारुड्याने टोपलीत दाबलेल्या नागासारखे ते आतल्या आत वळवळत राहिले.

माझा जोडीदार पोलंडचा, सहा फुटी, शांत. त्याच्याबरोबर हवा वाटून घ्यायचा सराव. समोरच्याने हवा संपल्याची खूण केली की आपल्या तोंडातलंच रेग्युलेटर काढून त्याला द्यायचं आणि गळ्यात लवचिक दोरीने अडकवलेलं दुसरं आपण तोंडात घालायचं. घाबरलेला माणूस तोंडातलंच ओढतो म्हणून, आणि ते चालू आहे याची खात्री असते म्हणूनही. दिलेल्याची नळी दोन मीटरहून लांब, कमरेपासून छातीवरून मानेभोवती गुंडाळलेली. गुहेत वाट इतकी चिंचोळी असते की दोघांना शेजारी शेजारी येता येत नाही, एकामागे एक यावं लागतं. ती लांबी त्यासाठी. ही नळी उजव्या व्हॉल्व्हला असते त्यालाही कारण आहे. पुढे जाताना छताला घासून डावा व्हॉल्व्ह बंद होण्याच्या दिशेने फिरतो, उजवा उघडण्याच्या. अशी एकेक गोष्ट कुणी तरी कुठे तरी अडकल्यावर ठरलेली असणार.

हे व्हॉल्व्ह डोक्यामागे असतात. बंद करायचा, रेग्युलेटर ओढ द्यायला लागेपर्यंत श्वास घ्यायचा, दुसरं तोंडात, मग पहिला परत उघडायचा. खांदा वरून मागे वळवून बोटं मुठीला टेकवताना माझी चार वर्षं जुनी खांद्याची तक्रार वर आली. जखडलेल्या खांद्याला मी जो दोरी-कप्पीचा व्यायाम देते तो रात्री हॉटेलच्या दाराला टॉवेल अडकवून केला. चौथ्या दिवशी बोटं पोचली.

तिसऱ्या दिवसाचं सांगायचं टाळत होते. हवा वाटून घेत दोघांनी मिळून वर यायचं, सहा मीटरवर थांबायचं. सगळं छान जमलं म्हणून मला इतका आनंद झाला की मी छाती भरून श्वास घेतला आणि तसाच धरला. पाच मीटर. पाठीवरच्या विंगमधली, म्हणजे तरंगायच्या पिशवीतली, हवा फुगली. चार. मनगटातून हात सुटले आणि हात मारायला लागले, खाली जायला! पुढच्या क्षणी माझं डोकं उन्हात होतं. काठावर कोणी तरी चहा पीत होतं.

खाली परत गेले. इन्स्ट्रक्टर रागावला नाही. त्याने पाटीवर पेन्सिलीने लिहून माझ्यापुढे धरलं: “आत्ता तुझा 20 मिनिटांचा डिको बाकी होता.”

त्या संध्याकाळी पाण्यात नाही, गणितात बुडालो. तीस मीटरवर एकाची हवा संपली. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या हिशोबात मिनिटाला 20 लिटर ओढतो असं धरायचं, दोघांचे 40. गोंधळ निस्तरायला एक मिनिट, वर यायला चार, पाच मीटरवरच्या थांब्याला तीन, एकूण आठ. सरासरी दाब अडीच बार. 40 गुणिले 8 गुणिले 2.5, म्हणजे 800 लिटर. नेहमीच्या 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये हे 73 बार होतात. आणि मी इतकी वर्षं 50 बार उरले की वर निघायचं, एवढ्याच हिशोबावर जगले होते. हे सगळं ज्या पुठ्ठ्यावर मांडलं होतं तो कॅफेबाहेर ठेवला आणि बिल देऊन येईपर्यंत शेळीने खाल्ला.

अर्ध्या दिवसाच्या सुट्टीत ब्लू होल या समुद्रातल्या खोल विवराकडे गेले, फक्त काठापर्यंत. तिथल्या कड्यावर, खाली गेलेल्या आणि वर न आलेल्या डायव्हरांच्या नावाच्या पाट्या लावल्या आहेत. आतून समुद्रात उघडणारी कमान पन्नास मीटरहून खाली आहे. साध्या हवेवर त्या खोलीत डोकं दारू प्यायल्यासारखं मंद होतं आणि कमान आहे त्यापेक्षा जवळ वाटते. पाट्यांसमोर उभं राहून लोक सेल्फी काढत होते. मी बेदुइनांचा चहा घेतला, फार गोड होता, आणि परतले.

शेवटच्या दिवशी परीक्षा. टेकसाठी पास व्हायचं तर सगळी कामं करताना खोली एका मीटरच्या आत आणि अंग आडव्या रेषेपासून वीस अंशांच्या आत. पोलंडवाला पास झाला. माझी ट्रिम, किक, व्हॉल्व्ह सगळं बसलं. मास्क काढून परत घालताना मात्र मी दीड मीटर वर सरकले. साध्या डायव्हिंगसाठी पास, टेकसाठी सहा महिन्यांत परत ये. वाईट वाटलं का? वाटलं. विमानात जेवले नाही.

आता कोल्हापुरात सराव चालू आहे. सकाळी सहाला तरणतलाव, मास्क लावून डोळे मिटायचे, दोन मीटरवर आडवं व्हायचं, अर्धा श्वास, मनगट धरलेलं. धाकटी बहीण काठावर घड्याळ घेऊन बसते, एकटीने हे करायचं नाही. परवा चाळीस सेकंद अजिबात हलले नाही. आणि अचानक पाणी फुटलं, कोणी तरी दंडाला धरून मला वर खेचलं. नवा लाइफगार्ड होता, कपड्यांसकट उडी मारलेला, घाबराघुबरा.

“अहो ताई,” तो ओरडला, “हात मारा की ओ जरा!”