पहिला वस्तरा आणि ‘शेव्ह रेडी’ने घेतलेले दोन महिने

वस्तरा घ्यायचा ठरवल्यापासून पहिली नीट दाढी होईपर्यंत मला अडीच महिने लागले. त्यातले दोन महिने फक्त ‘शेव्ह रेडी’ (धार लावून दाढीला तयार) या शब्दापायी गेले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधीच सांगतो की हे लिहिताना थोडं चिडूनच लिहितोय. पण बजेट कमी असेल आणि पहिलाच वस्तरा घेत असाल तर वाचा, कारण माझे पैसे जिथे अडकले तिथेच बहुतेकांचे अडकू शकतात.

निवडायला फार वेळ लागला नाही. रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, ४/८, ५/८, ६/८ अशी. पहिल्यासाठी ५/८ किंवा ६/८ घ्या म्हणतात ते बरोबरच आहे, त्याहून अरुंद पातं हातात जरा जास्तच हलकं लागतं आणि ७/८ वगैरे नाकाखाली फिरवताना अडचण होते. टोक गोल घ्यायचं. चौकोनी टोकाचा कोपरा कानाच्या पाळीला कधी लागतो ते कळतही नाही. पातं किती पोकळ घासलंय हा पुढचा प्रश्न, फुल हॉलो म्हणजे अगदी पातळ, केस कापताना आवाज देणारं, आणि वेज म्हणजे जाड, जड, पाचरीसारखं. मी मधलं हाफ हॉलो घेतलं. स्टील कार्बन की स्टेनलेस यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण पहिल्या वस्तऱ्याला त्याने फार फरक पडत नाही, कार्बन पुसून कोरडं ठेवायचं एवढंच.

नवीन चांगला वस्तरा माझ्या बजेटच्या बाहेर होता. एकदम स्वस्तातले नवीन मिळतात, पण त्यांची पाठ आणि धार सरळ नसली तर सगळं काम धार लावणाऱ्याच्या डोक्यावर येतं. म्हणून जुना, सोलिंगेनचा, आधी कुणीतरी वापरलेला घ्यायचं ठरवलं. सोलिंगेन हे जर्मनीतलं सुऱ्या-वस्तऱ्यांचं गाव आणि ते नाव १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे, कुणीही उठून पात्यावर टाकू शकत नाही. हे वाचून मला फार विश्वास वाटला. पण तो ठसा स्टील आणि घडण कुठली एवढंच सांगतो, आज धार आहे की नाही हे सांगत नाही, आणि मी नेमकी इथेच चूक केली.

विकणाऱ्याने लिहिलं होतं, शेव्ह रेडी, म्हणजे पाकीट उघडा आणि दाढी करा. फोटोत पातं लख्ख चमकत होतं. (चमक बघून घेऊ नका. पॉलिश केलेलं पातं आणि धार असलेलं पातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, उलट मशीनवर जोरात पॉलिश केलं आणि पातं तापलं तर धारेकडचं पातळ स्टील मऊ पडतं.)

पहिल्या दिवशी गालावर चार हात फिरवले आणि डोळ्यांत पाणी आलं. केस कापला जात नव्हता, ओढला जात होता. मी थांबलो, उरलेली दाढी रोजच्या रेझरने केली आणि विकणाऱ्याला मेसेज केला. उत्तर आलं, ‘सर, पहिल्यांदा करताय ना, हात बसायला वेळ लागतो.’

हे वाक्य मी पुढच्या दोन महिन्यांत किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. आणि त्रास असा की वाक्य खोटं नाही. हात बसायला खरंच वेळ लागतो. पातं चेहऱ्याशी साधारण तीस अंशात धरायचं, कातडी दुसऱ्या हाताने ताणायची, दाब अजिबात द्यायचा नाही, हे सगळं आठ-दहा दाढ्यांनंतर अंगवळणी पडतं. म्हणूनच नवख्या माणसाला हे उत्तर देऊन गप्प बसवता येतं, कारण त्याला स्वतःचीच शंका असते. मीपण स्वतःवरच शंका घेतली. कोन बदलला, दोनदा फेस लावला, गरम पाण्याने तीन-तीन मिनिटं चेहरा भिजवला, तरी ओढणं तेच.

मग विकणाऱ्याने सांगितलं, स्ट्रॉप (पातं घासायचा कापड-चामड्याचा पट्टा) नीट करत नसाल, कापडावर तीस आणि चामड्यावर साठ वेळा फिरवा. केलं. रोज केलं. तिसऱ्या दिवशी स्ट्रॉपच्या मधोमध नखाएवढा काप गेला, कारण पातं उलटताना मी धारेवर उलटवलं. उलटवायचं ते पाठीवरून, पाठ चामड्याला टेकलेलीच ठेवून, आणि नेहमी पाठ पुढे, धार मागे. म्हणून पहिला स्ट्रॉप स्वस्तातलाच घ्या, पहिल्या महिन्यात त्याला काप जाणारच, महाग चामड्यावर गेला तर जीव हळहळतो. रुंदी तीन इंच मिळाली तर उत्तम, अख्खं पातं एकदम बसतं, दोन इंची असेल तर तिरकं ओढत न्यावं लागतं. पट्टा ताणून धरा, सैल पडला की धार गोल होते.

पण धार मुळातच नसेल तर स्ट्रॉप ती आणून देत नाही. हे मला कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते. असलेली धार वाकडी-तिकडी झाली तर स्ट्रॉप ती सरळ करतो, एवढंच त्याचं काम. दगडावर जे झालं नाही ते चामड्यावर होत नाही.

तीन आठवड्यांनी त्याने वस्तरा परत मागवला, फुकट धार लावून देतो म्हणाला. मला बरं वाटलं, खरं सांगतो, मी त्याचे आभारसुद्धा मानले. अकरा दिवसांनी वस्तरा आला, सोबत चिठ्ठी, धार लावून तपासली आहे. दाढी केली, गालाचा वरचा भाग जरा बरा गेला, जबड्याशी पुन्हा तेच ओढणं. मेसेज केला. उत्तर, हात बसायला वेळ लागतो.

आमच्या ओळखीतले एक काका चाळीस वर्षं वस्तरा वापरतात. शेवटी मी तो त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी आधी माझी दाढी बघितली नाही, माझा हात बघितला नाही, बाही वर करायला सांगितली.

‘काका, दाढी मनगटावर करायची नाहीये.’

‘थांब रे, आधी याला विचारू,’ म्हणाले, आणि पातं माझ्या हातावरच्या केसांवरून फिरवलं, कातडीला न टेकवता, अगदी थोडं वरून. टोकाकडच्या भागाने केस उभेच्या उभे तुटून पडले. मधल्याने पडले. मुठीकडच्या भागाने काहीच झालं नाही, केस नुसते वाकले आणि पुन्हा उभे राहिले. त्यांनी तीनदा करून दाखवलं, तिन्ही वेळा तसंच. तीन इंचांची धार आणि त्यातला एक इंच मेलेला. आणि मी जबड्याखाली नेमका तोच भाग वापरत होतो.

मग त्यांनी पातं धार वर करून दिव्याखाली धरलं. चांगली धार वरून बघितली तर दिसतच नाही, तिथे उजेड परत फेकायला जागाच नसते. माझ्या पात्यावर मुठीकडे एक बारीक पांढरी रेघ चमकत होती. ती रेघ म्हणजे बोथट धार. हे बघायला भिंग असलं तर छान, दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं, मायक्रोस्कोप लागत नाही.

सगळ्यात पटलं ते मार्करचं. काकांनी काळ्या मार्करने धारेच्या दोन्ही उतारांवर शाई लावली, दगडावर पाणी टाकून पातं सपाट ठेवलं, पाठ आणि धार दोन्ही टेकवून, आणि एकच हात फिरवला. जिथे दगड लागला तिथली शाई गेली. टोकाकडे धारेच्या अगदी कडेपर्यंत गेली. मुठीकडे उताराच्या वरच्या अर्ध्या भागातली गेली आणि कडेला शाई तशीच, काळीभोर. म्हणजे त्या भागात दगड धारेपर्यंत कधी पोचलाच नव्हता, आताही नाही आणि अकरा दिवस धार लावायला गेला होता तेव्हाही नाही. बेव्हलच बसलेला नव्हता. दोन्ही बाजूंचे उतार एका रेषेत येऊन मिळतात तेव्हा बेव्हल बसला म्हणतात, ते काम साधारण १००० नंबरच्या दगडावर होतं (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), आणि ते झाल्याशिवाय पुढे ८००० घ्या की १२००० घ्या, तुम्ही फक्त बोथट धार गुळगुळीत करत असता.

मी शाईचा फोटो काढला आणि विकणाऱ्याला पाठवला. मला खरंच वाटलं होतं की आता तो मान्य करेल. उत्तर आलं की परत घ्यायची मुदत संपली आहे. मुदत पहिल्यांदा पाकीट मिळालं त्या दिवसापासून मोजतात, धार लावायला त्याच्याकडे होता ते अकरा दिवसही त्यातच धरले, आणि आधीचे तीन आठवडे मी त्याच्याच सांगण्यावरून स्ट्रॉप करत बसलो होतो. म्हणून हे नीट लक्षात ठेवा, वस्तरा हातात आल्या दिवशी, साबण लावायच्याही आधी, हातावरच्या केसांची आणि दिव्याखालची परीक्षा करा, मुठीपासून टोकापर्यंत, आणि एक भाग जरी नापास झाला तरी त्याच दिवशी लेखी कळवा. ‘हात बसू द्या’ म्हणाला तर त्याला सांगा, हातावरच्या केसाला माझा हात बसायची गरज नाही.

घ्यायच्या आधी विचारायचा प्रश्न पण आता मला कळलाय. धार आहे का असं नाही विचारायचं. बेव्हल कुठल्या दगडावर बसवला आणि शेवटचा दगड कुठला, हे विचारायचं. खरं काम करणारा माणूस यावर न विचारता चार वाक्यं जास्तच बोलतो. जुन्या पात्याचे फोटो मागताना पाठीचा फोटो जरूर मागा, दोन्ही बाजूंनी, कारण धार लावताना पाठ पण दगडावर घासली जाते, कोन तीच राखते, आणि एका बाजूची पाठ जास्त झिजली असेल तर आधीच्या मालकाने एकीकडे जोर देऊन घासलंय. माझ्या वस्तऱ्याचं तेच झालं होतं. धार बाहेरच्या बाजूला किंचित गोलाई घेत असेल तर चालते, आत वळलेली नको. गंज पाठीला असेल तर हरकत नाही, धारेजवळ काळे खड्डे असतील तर सोडून द्या, चीर असेल तर विषयच नको.

शेवटी वस्तरा दुसऱ्या माणसाकडे पाठवला, जो फक्त धार लावतो, विकत काही नाही. त्याने घेण्याआधीच फोटो मागवले, पाठ वाकडी झिजली आहे हे स्वतःहून सांगितलं, पाठीवर टेप लावून १००० वर बेव्हल बसवला, मग ४०००, ८०००, १२०००. मुठीकडचा भाग दगडावर वेगळा, किंचित तिरका वळवून घ्यावा लागला असं त्याने लिहिलं. चार दिवसांत परत. पैसे झाले, अर्थातच, आणि तेवढे पैसे मी हिशेबात धरलेच नव्हते. तुम्ही धरा. बजेट करताना धार लावायचे पैसे पहिले बाजूला काढा, उरलेल्यात वस्तरा बघा, आणि त्याहून उरलं तर बाकीचं.

बाकीचं म्हणजे तसं थोडंच. ब्रश सिंथेटिक घ्या, स्वस्त असतो, भिजवत ठेवावा लागत नाही, लगेच वाळतो. डुकराच्या केसांचाही स्वस्त असतो पण वापरायच्या आधी भिजवायला लागतो आणि मऊ व्हायला महिनाभर जातो. डब्यातल्या फोमपेक्षा साबण आणि ब्रशचा फेस बरा, ओला असतो, पातं घसरतं. तुरटीचा खडा हवाच, दाढी झाल्यावर ओल्या चेहऱ्यावर फिरवला की जिथे झोंबेल तिथे दाब पडला होता हे कळतं, मी अजून रोज त्यावरूनच चूक शोधतो. दगड पहिल्या वर्षी घेऊ नका. वाडगा घरातला कुठलाही चालतो. आणि ज्याचं पातं बदलता येतं तो शॅव्हेट म्हणजे स्वस्तातला वस्तराच, असं समजून तो विकत घेऊ नका, त्यात अर्ध ब्लेड बसतं, ते हलकं आणि जास्त बोचरं असतं, त्यावर शिकलेला हात खऱ्या वस्तऱ्यावर पुन्हा शिकवावा लागतो. दाढी झाल्यावर पातं पुसून, तेलाचं बोट फिरवून, बाथरूमच्या बाहेर ठेवा. ओलसर पातं लगेच मिटून मुठीत ठेवलं तर एका रात्रीत ठिपके येतात.

धार लावून आल्यावर पहिली दाढी रविवारी सकाळी केली, फक्त दोन्ही गाल. काही ओढलं नाही. कागदावर पेन्सिल चालावी तसा बारीक आवाज येत होता आणि फेसाच्या मागे कातडी गुळगुळीत. मी हात थांबवून उगाच पात्याकडे बघितलं. जबडा पुढच्या आठवड्यात जमवला, मुठीकडच्याच भागाने, मुद्दाम. मान अजून रोजच्या रेझरने करतो, ती घाई नाही. सहा आठवडे झाले, काल पुन्हा बाही वर करून बघितलं, मुठीपासून टोकापर्यंत केस एका रेषेत पडले.