पहिले सव्वीस सेकंद काळोख

आधी गावाच्या नावाचा घोळ मिटवते. मी राहते ते 'झारागोझा' नव्हे, 'थारागोथा'. पहिल्या महिन्यात वाटायचं, समोरच्या माणसाची जीभ दातांत अडकतेय. माद्रिद आणि बार्सिलोनाच्या साधारण मधोमध, एब्रो नदीच्या काठावरचं हे शहर. इथे 'थिएर्थो' नावाचा कोरडा, बोचरा वारा सुटतो, त्यात छत्री उघडायची ती फक्त नवख्या माणसाने. मी दोन मोडल्या.

मी इथल्या विद्यापीठात पीएचडी करते. आमच्या सांगलीच्या घरी माझं काम 'ही कम्प्युटरवर उजेड हळू करते' एवढ्यात आटपतं. चूक काहीच नाही त्यात. आईचा प्रश्न मात्र दर रविवारी ठरलेला: "बटण दाबलं की उजेड पडतोच ना? मग त्याला सावकाश कशाला चालवायचं?"

उजेड एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, साधारण ३० सेंटिमीटर जातो. शाळेतली मोठी फूटपट्टी, बस्स. २०११ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये रमेश रासकर (हो, आपले नाशिकचे) आणि आंद्रेआस वेल्टेन यांच्या चमूने सेकंदाला सुमारे एक लाख कोटी फ्रेम या हिशेबाने उजेडाचा प्रवास टिपला. प्लास्टिकच्या बाटलीतून प्रकाशाचा ठिपका सुरवंटासारखा सरकतानाचा तो व्हिडिओ तुम्ही कदाचित पाहिला असेल. अर्थात ते एका झटक्यात घेतलेलं चित्रण नव्हे. त्यांचा कॅमेरा एका वेळी एकच आडवी ओळ बघायचा, म्हणून लेझरची तीच चमक पुन्हा पुन्हा सोडून ओळी जुळवाव्या लागल्या. त्या कामावरच्या २०१३च्या शोधनिबंधात इथल्या विद्यापीठातल्या मंडळींचीही नावं आहेत. मी थारागोथाला आले ती त्यामुळेच.

असले कॅमेरे महाग आणि भलते नाजूक. म्हणून आम्ही तेच दृश्य कम्प्युटरमध्ये उभं करतो. नेहमीच्या रेंडरिंगमध्ये, म्हणजे कम्प्युटरकडून दृश्याचं चित्र बनवून घेताना, एका पिक्सेलवर जेवढा उजेड आला तेवढा बेरजेत टाकला की काम झालं. तो कधी निघाला, कधी पोचला, कोणी विचारत नाही. आमच्याकडे प्रत्येक किरणाच्या वाटेची लांबी मोजायची, काचेतून किंवा पाण्यातून गेला असेल तर तिथे त्याची चाल कमी धरायची, आणि जी वेळ येईल त्या वेळेच्या खणात त्याला टाकायचं. प्रत्येक पिक्सेलला असे शेकडो खण. जे किरण एका चित्राला पुरले असते ते आता शेकडो खणांत वाटले जातात, त्यामुळे वाट्याला येते ती चिंचोके टाकल्यासारखी ठिपक्याठिपक्यांची चित्रं. रात्रभर मशीन चालवून सकाळी पुन्हा चिंचोके.

मार्चमध्ये मी सगळ्यात सोपं दृश्य घेतलं. आठ मीटर लांब फरशी, ना भिंती ना छत. पलीकडच्या टोकाला दीड मीटर उंचीवर दिवा, अलीकडच्या टोकाला तेवढ्याच उंचीवर कॅमेरा. दिवा क्षणभर लुकलुकतो, बास. उजेड दिव्याखाली पडणार आणि फरशीवरून माझ्याकडे सरकत येणार, यात शंका कसली? व्हिडिओ लावला. उजेड उमटला तो थेट फरशीच्या मध्यावर, आणि तिथून दोन्ही बाजूंना पसरायला लागला. निम्मा चक्क उलटा, दिव्याच्या दिशेने निघाला!

तीन दिवस मी कोड उसवत बसले. खणांचे क्रमांक, अधिक-उणे, लांबीची एककं. चौथ्या दिवशी कॉफीच्या मशीनपाशी शेजारच्या टेबलवरच्या मुलाने स्क्रीनवर एक नजर टाकली आणि म्हणाला, "ई ला कामारा?" आणि कॅमेरा?

चूक कोडमध्ये नव्हतीच. उजेड फरशीवर पडला म्हणजे दिसला असं नाही, तिथून कॅमेऱ्यापर्यंतही त्याला यावंच लागतं. समजा, कोणी मुंबईहून एसटीने घरी निघालाय आणि दर थांब्यावर 'इथवर आलो' असं पत्र टाकतोय. पत्रंही त्याच एसटीने येणार असतील तर? सगळी पत्रं आणि तो गृहस्थ एकदमच दारात. माझ्याकडे येणाऱ्या उजेडाची तीच गत. मग आधी दिसतं कोण? ज्याची दिवा-फरशी-कॅमेरा ही अख्खी वाट सगळ्यात छोटी, तो फरशीचा मध्य: साडेआठ मीटर, साडेअठ्ठावीस नॅनोसेकंद. दिव्याच्या बरोबर खालची जागा सगळ्यात आधी उजळते खरी, पण तिची बातमी मला मिळते बत्तीस उलटल्यावर.

वाटेचा शेवटचा तुकडा हिशेबातून वगळला की 'खरा' क्रम दिसतो, तशी सोयही आम्ही ठेवतो. पण खरा कॅमेरा जे बघेल ते पहिलंच, मध्यापासून पसरणारं. कोपऱ्याआड लपलेली वस्तू भिंतीवरून परतलेल्या उजेडावरून ओळखायची असते ना, तिथे हेच उशिरा आलेले किरण कामाचे. आईच्या प्रश्नाचं हे माझं उत्तर. तिला ते अजून पटलेलं नाही.

शेवटी एक नॅनोसेकंद म्हणजे एक सेकंद असं मोजमाप धरून व्हिडिओ बनवला आणि तिला पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"अगं, काळंच आलंय सगळं."

"थांब जरा. सव्वीस सेकंद काहीच दिसणार नाही. तुझ्यापर्यंत पोचायला नको का?"

मागे कुकरची शिट्टी झाली. मग तिचा आवाज, "हां, दिवा दिसला." थोड्या वेळाने, "फरशी पण दिसली गं, मधलीच." मग जरा थांबून, "पण दिव्याखाली अंधारच आहे की."