थायमस काढताना: छाती उघडून की दुर्बिणीतून?

मायस्थेनिया ग्रेव्हिससाठी (स्नायू अशक्त करणारा आजार) थायमस, म्हणजे छातीच्या मधल्या हाडामागची ग्रंथी, काढायचं ठरलं की सगळे आधी विचारतात, छेद केवढा असेल? या शस्त्रक्रियेतून गेल्यावर मी म्हणेन, आधी विचारावं की सगळी ग्रंथी निघणार का. थायमसचे कण मानेच्या बुडापासून श्वासपटलापर्यंतच्या चरबीत विखुरलेले असू शकतात. म्हणून दोन्ही बाजूंच्या फ्रेनिक नसांमधली ती चरबीही काढतात. या नसांवर श्वासपटल चालतं. त्यांना धक्का लागला तर मायस्थेनियाच्या रुग्णाला श्वास घेणं फारच जड जातं.

उघड्या पद्धतीत छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी तारांनी बांधतात. सर्जनला दोन्ही बाजू समोर दिसतात, मोठ्या शिरेतून रक्त आलं तर हात लगेच पोचतो. मात्र हाड सांधायला साधारण दोन-तीन महिने लागतात. तोवर वजन उचलायचं नाही, खोकताना छातीला उशी घट्ट धरायची. त्या दुखण्यामुळे खोल श्वास टाळला जातो, कफ साचतो, आणि अशक्त स्नायूंना नेमकं तेच झेपत नाही.

माझी थायमस दुर्बिणीतून, रोबोटच्या मदतीने, बरगड्यांमधल्या छोट्या छेदांतून निघाली. त्यासाठी एका बाजूचं फुप्फुस तात्पुरतं मिटवतात. छातीत घातलेली निचऱ्याची नळी लवकर निघते, घरी लवकर सोडतात. पण बरगडीखालची नस दुखावली तर त्या पट्ट्यात बधिरपणा किंवा जळजळ काही काळ राहते. गरज पडल्यास छाती उघडण्याची परवानगी संमतीपत्रात असतेच. ते अपयश मानू नका. पलीकडच्या बाजूची फ्रेनिक नस कशी दिसणार, सर्जनने अशा किती शस्त्रक्रिया केल्यात, हे विचारायला संकोच वाटतो. तरी विचाराच.

पुरावा काय सांगतो? 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 126 रुग्ण होते: थायमसमध्ये गाठ नसलेले, आणि अॅसिटिलकोलिन रिसेप्टरच्या (स्नायूवर नसेचा संदेश घेणाऱ्या भागाच्या) विरोधातल्या अँटिबॉडी असलेले. तीन वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्यांची ताकद जास्त सुधारली, आणि प्रेडनिसोन या स्टिरॉइडचा दिवसाआडचा सरासरी डोस त्यांना 44 मिलिग्रॅम लागला, शस्त्रक्रिया न झालेल्यांना 60. त्या सगळ्या शस्त्रक्रिया छाती उघडून झाल्या होत्या. दुर्बिणीच्या पद्धतीचे निकाल तुलनात्मक नोंदींत तितकेच चांगले दिसतात, पण अट तीच: चरबीसकट सगळं निघालं पाहिजे. मस्क (MuSK, स्नायूवरचं दुसरं एक प्रथिन) याविरुद्धच्या अँटिबॉडी असतील तर या शस्त्रक्रियेचा सल्ला सहसा देत नाहीत. गाठ मोठी असेल किंवा आजूबाजूला रुजली असेल तर उघडी पद्धतच बरी, कारण गाठीचं आवरण फाटलं तर पेशी छातीत सांडतात.

माझ्या मते खरी लढाई शस्त्रक्रियेच्या आधी असते. गिळताना ठसका लागतोय, आवाज नाकातून येतोय, अशा अवस्थेत टेबलावर जाऊ नये. तारीख पुढे ढकलावी. आधी आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी शिरेतून; बहुधा किलोमागे 2 ग्रॅम, काही दिवसांत विभागून) किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव भाग बदलणं) देऊन ताकद वाढवतात. फुप्फुसांची क्षमता मोजतात. घरी मी एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायचो; आकडा घसरू लागला की डॉक्टरांना कळवायचं.

भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आणि पायरिडोस्टिग्मिनच्या (ताकद टिकवणाऱ्या रोजच्या गोळीच्या) वेळा लिहूनच द्या. स्नायू सैल करणाऱ्या काही औषधांचा आपल्यावर फार जास्त परिणाम होतो. स्टिरॉइड चालू असेल तर शस्त्रक्रियेच्या काळात त्याचा जादा डोस लागू शकतो. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अॅझिथ्रोमायसिन आणि शिरेतून मॅग्नेशियम ही अशक्तपणा वाढवू शकणारी, म्हणून टाळायची नावं फाइलच्या पहिल्या पानावर असावीत, कारण रात्रपाळीचा डॉक्टर वेगळा असतो.

घरी आल्यावर गोळ्या स्वतःहून कमी करू नका. फरक दिसायला महिने, कधी वर्षं लागतात. पॅथॉलॉजीचा अहवाल मागून घ्या: थायमस नुसती वाढलेली होती की थायमोमा (थायमसची गाठ) होता, यावर पुढचं ठरतं. थायमोमा निघाला तर सीटी स्कॅन अनेक वर्षं चालू ठेवावा लागतो.