श्रावणातलं नाशिक आणि कोळंबी खाणारा मेंबर

त्र्यंबकबद्दल फार लिहित नाही. तिसरा श्रावणी सोमवार, ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी, पाऊस, चिखल, दर्शनाची रांग, झालं. रामकुंडावरही जाऊन आले, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं आणि पब्लिक नदी सोडून स्वतःचेच फोटो काढत होतं. मला लिहायचंय ते आत्याकडच्या लायनफिश नावाच्या समुद्री माशाबद्दल.

आत्याचा फ्लॅट इंदिरानगरला. हॉलची अख्खी भिंत दादाच्या टँकने खाल्लीय आणि पाहुण्यांची गादी पडते नेमकी त्याच्यासमोर. रात्रभर पंपाची घरघर, मधूनच टँकचं पाणी गार ठेवणारा चिलर दचकवून चालू होणार, वर तो निळा लाइट. "अगं, होते सवय," असं आत्या म्हणते, पण ती झोपते आतल्या खोलीत दार लावून.

मी रत्नागिरीची, त्यामुळे नळाचं पाणी आरओ करून त्यात पाकिटातलं मीठ ढवळणारा माणूस बघून मला आधी हसूच आलं. आमच्याकडे हे सगळं दारात फुकट आहे. मासा मात्र, मान्य करते, भारी दिसतो. तपकिरी-पांढरे पट्टे, दोन्ही बाजूंना पिसाऱ्यासारखे पर, आणि पाठीवर ताठ उभे 13 काटे. पोटाखालचे आणि शेपटीजवळचे धरून एकूण 18, सगळे विषारी. स्वतःहून तो अंगावर येत नाही म्हणे, आपला हात लागला तरच. विष प्रोटीनचं असतं, उष्णतेने त्याचा जोर जातो, म्हणून काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशाच्या आसपास, हात बुडवायचा आणि डॉक्टर गाठायचा. त्यामुळे टँकमध्ये हात घालायच्या आधी दादा गरम पाण्याचा थर्मास भरून शेजारी ठेवतो. आम्हाला चहा नंतर.

आता खरी तक्रार. घरात श्रावण कडक, कांदा-लसूणसुद्धा बंद, मी सलग वरण-भात आणि साबुदाण्यावर. आणि संध्याकाळी दादा फ्रीजरमधून कोळंबी काढतो! चांगली मोठी, सोललेली, लांब चिमट्यात धरून या साहेबांना. समुद्रातही हा अंधार पडायच्या सुमारास नाहीतर पहाटेच शिकारीला निघतो. पर पसरून छोट्या माशाला कोपऱ्यात घेतो, कधी त्याच्या तोंडावर पाण्याची पिचकारी मारतो म्हणजे तो वळून समोर येतो, आणि मग एका झटक्यात गिळतो. इथे शिकार मेलेली, तरी थाट तोच. पर उघडून हळूहळू सरकत आला आणि कोळंबी कधी गायब झाली ते कळलंच नाही. चावणं वगैरे भानगडच नाही. मी उपाशी पोटी बघतेय.

दादा सुरू झाला की थांबत नाही. हा मूळचा आपल्या बाजूचा, हिंदी आणि पॅसिफिक महासागरातल्या प्रवाळांमधला, अंदमान-लक्षद्वीपलाही आहे. पण 1985 मध्ये फ्लोरिडाजवळ सापडला, बहुतेक कुणीतरी टँकमधूनच सोडलेला, आणि आता सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरलाय. तिथल्या छोट्या माशांना हा शिकारी आहे हेच ओळखू येत नाही, मोठे मासे फारसे वाटेला जात नाहीत, आणि मादी वर्षाला 20 लाखांपर्यंत अंडी घालते. शेवटी लोकांनी भाल्याने मारायच्या स्पर्धाच सुरू केल्या.

"मारून करतात काय?" मी.

"खातात. विष काट्यात असतं, मांसात नाही. काटे कापले की पांढरंशुभ्र मटेरियल."

"म्हणजे तिरफळ घालून..."

"ए!" आत्या किचनमधून ओरडली. "श्रावण आहे!"

वहिनी बारीक आवाजात म्हणाली, "गणपतीनंतर ये गं."